क्षेत्रफळ आणि कड

‘अंदाज’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि येताना त्याने आपला निम्मा अर्थ वेशीबाहेर ठेवला. उर्दूत अंदाज म्हणजे ढब, रीत, एखादी गोष्ट करण्याची किंवा सांगण्याची खास लकब. मराठीत अंदाज म्हणजे अदमास. किती लागेल, केवढ्याला पडेल, याचा आधी केलेला हिशेब. सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले आणि त्यांच्यामुळे मराठीत गझल रुजली. तिच्याबद्दल बोलताना आपल्याला पहिला अर्थ आठवतो. घराला रंग द्यायचा म्हटले की दुसरा. हे दोन अर्थ एकमेकांपासून फार लांब नाहीत, असे आमचे म्हणणे आहे. प्रत्येक हिशेबाला स्वतःची एक ढब असते. काय मोजायचे आणि काय सोडून द्यायचे हे तो आकडेमोड सुरू होण्याआधीच ठरवून बसलेला असतो. म्हणून रंगकामाचे अंदाजपत्रक हे साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावे असे एक लेखन आहे, आणि ते वाचण्यासाठी वऱ्हाडातल्या काचबंद वऱ्हांड्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

युरोपातल्या थंड प्रदेशांत घराला लागून काचेची एक खोली बांधतात. हिवाळ्यातले मोलाचे ऊन तिच्यात अडकवून ठेवायचे आणि त्या उबेत झाडे जगवायची, हा तिचा हेतू. वऱ्हाडात ऊन अडकवून ठेवावे असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता, आणि अशा गावी ऊन घराबाहेर ठेवणे हीच वास्तुशास्त्राची पहिली पायरी. तरीही अमरावती आणि अकोल्याच्या जुन्या-नव्या वसाहतींतून फिरले तर पुढचा वऱ्हांडा ग्रिल लावून, त्यावर काचा बसवून बंद केलेली घरे जागोजाग दिसतात. कारणे वेगळी आहेत. रस्त्याची धूळ आत येऊ नये, पावसाची झड फरशीवर येऊ नये, चोराची भीती कमी व्हावी, वाढत्या कुटुंबाला एक खोली जास्तीची मिळावी. तिथे मनीप्लँट असतो, तुळशीची कुंडी असते, चपलांचा स्टँड असतो, आजोबांची आरामखुर्ची आणि पोरांच्या सायकली असतात. हेतू वेगळा असला तरी बांधणी तीच राहते: एक भिंत घराची, बाकी तीन बाजू बहुतांशी काचेच्या.

अशा वऱ्हांड्याला रंग किती लागेल? एक साधे उदाहरण घेऊ. वऱ्हांडा १४ फूट लांब, ८ फूट रुंद, १० फूट उंच. चारी बाजूंची एकूण लांबी ४४ फूट, म्हणून भिंतींचे ढोबळ क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. घराच्या बाजूच्या भिंतीत साडेतीन बाय सात फुटांचे दार आणि चार बाय चार फुटांची खिडकी आहे. ते साडेचाळीस चौरस फूट गेले की त्या भिंतीवर ९९.५ चौरस फूट उरतात. बाकीच्या तीन बाजूंना खाली अडीच फुटांचा कठडा, त्यावर सहा फूट उंचीची काच आणि काचेवर छतापर्यंत दीड फुटाचा पट्टा. दर्शनी बाजूला नऊ इंच रुंदीचे चार खांब, त्यांच्यामुळे पुढे काचेचे तीन गाळे. डाव्या-उजव्या बाजूला एकेक मोठा गाळा. कठड्याचे ७५ चौरस फूट, वरच्या पट्ट्याचे ४५, खांबांचे १८, एकूण १३८. म्हणजे सगळ्या वऱ्हांड्यात रंगवायची भिंत २३७.५ चौरस फूट. छताचे ११२ मिळवले की झाले साधारण ३५०. दोन हात द्यायचे तर ७०० चौरस फूट. गुळगुळीत केलेल्या भिंतीवर एका लिटरमध्ये एका हाताचे १२० चौरस फूट निघतात असे धरले, तर सहा लिटरांच्या आत काम भागते. सांडलवंड आणि पुढच्या डागडुजीसाठी थोडा शिल्लक धरून साडेसहा म्हणू. हिशेब संपला. तो बरोबर आहे, दुकानदारासमोर निर्धास्त मांडावा असा आहे.

पण हा रंगाचा हिशेब झाला, रंगवण्याचा नव्हे. आता तोच वऱ्हांडा दुसऱ्या पद्धतीने मोजून पाहू. जिथे जिथे रंगाला थांबायचे आहे त्या सगळ्या रेषांची लांबी काढू. पाच गाळ्यांतल्या काचांच्या चौकटींभोवती आडव्या रेषा ५४ फूट, उभ्या ६० फूट. दाराच्या तीन बाजू १७.५, खिडकीच्या चार बाजू १६. भिंत आणि छत यांचे रंग वेगळे असतील तर तो सांधा ४४ फूट. खाली फरशीच्या पट्टीलगत, दाराची जागा सोडून, ४०.५ फूट. बेरीज २३२ फूट. म्हणजे २३७.५ चौरस फूट भिंत आणि २३२ फूट कड! जवळजवळ दर चौरस फुटामागे एक फूट कड. हाच वऱ्हांडा काचेचा नसून चारी बाजूंनी बंद असता, दार-खिडकी तीच असती, तर भिंत ३९९.५ चौरस फूट भरली असती आणि कड अवघी ११८ फूट. चौरस फुटामागे फुटाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. काच आली, भिंत चाळीस टक्क्यांनी घटली, रंग घटला, आणि कड जवळपास दुप्पट झाली. ज्याला चौरस फुटाने पैसे मिळतात त्याचे काम वाढले आणि कमाई उतरली.

रोलर भिंतीच्या मध्यावर चालतो. कडेला रोलर चालत नाही. तिथे दोन इंची ब्रश लागतो, चौकटीवर मास्किंग टेप लागते, शिडी दर तीन फुटांना सरकवावी लागते आणि श्वास रोखून धरावा लागतो. रंगारी याला ‘कटिंग’ म्हणतात. फूटभर कटिंगला रंग चमचाभरच लागतो. म्हणूनच रंगाच्या हिशेबात त्याची नोंद होत नाही. जे काम वस्तू खात नाही, फक्त वेळ आणि हात खाते, ते वस्तूंच्या यादीत दिसणार तरी कसे? दुकानाच्या पावतीवर लिटर असतात, किलो असतात, पॉलिश पेपरचे नग असतात. थांबण्याचे माप कोणत्याच डब्यात मिळत नाही.

गंमत अशी की ज्यांनी या देशात बांधकामाच्या मोजमापाचे नियम लिहिले त्यांना हे कळत होते. भारतीय मानक १२०० मध्ये चुना, डिस्टेंपर आणि रंग यांच्या मोजणीचे स्वतंत्र भाग आहेत. त्यातला उघाड्यांचा नियम समीक्षेच्या तासाला वाचून दाखवावा इतका सूक्ष्म आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक असेल तर त्याची वजावट करायचीच नाही; ती जागा रंगवली असे धरायचे. अर्ध्या ते तीन चौरस मीटरचे उघाडे असेल तर भिंतीच्या दोन बाजूंपैकी एकाच बाजूची वजावट करायची. दुसऱ्या बाजूचे जे क्षेत्रफळ वजा झाले नाही ते उघाड्याच्या आतल्या कडांचा मोबदला समजायचे. तीन चौरस मीटरहून मोठे असेल तर दोन्ही बाजू वजा करायच्या, पण मग त्या आतल्या कडा टेप लावून मोजायच्या आणि मिळवायच्या. आमच्या वऱ्हांड्यात दर्शनी बाजूचा प्रत्येक गाळा सुमारे दोन चौरस मीटरचा आहे, तो मधल्या नियमात बसतो. बाजूचे दोन गाळे साडेचार चौरस मीटरच्या आसपास, ते शेवटच्या नियमात. एकाच खोलीत रिकाम्या जागेचे दोन प्रकार झाले.

दारे-खिडक्यांच्या रंगकामातले गुणक तर अधिक बोलके आहेत. सपाट फ्लश दाराची एक बाजू रंगवली तर तिचे क्षेत्रफळ १.२० ने गुणायचे, तावदानी नक्षीच्या पॅनेल दाराचे १.३० ने. आणि पूर्ण काचेच्या खिडकीचे? ०.८० ने. विचार करा: पूर्ण काचेच्या खिडकीत लाकूड किती असते? रंग लागतो तो चौकटीच्या काही पट्ट्यांना. निव्वळ पृष्ठभाग मोजला तर गुणक पुष्कळच खाली यायला हवा होता. नियम करणाऱ्याने तो ०.८० ठेवला, कारण प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंनी काच आहे आणि प्रत्येक काचेपाशी ब्रश थांबवायचा आहे, हे त्याला ठाऊक होते. त्या रूक्ष तक्त्यात कष्टाचे वाचन दडले आहे. शासकीय गद्यात करुणा नसते असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा.

घरोघरी मात्र हा नियम पोचत नाही. तिथे चालतो तो चौरस फुटाचा सरसकट दर, आणि दराइतकाच जुना वजावटीचा वाद. घरमालक म्हणतो, काचा वजा करा. रंगारी म्हणतो, आम्ही भिंत ‘सॉलिड’ मोजतो, दारे-खिडक्या धरून. मग वऱ्हाडी वळणाने बोलणे सुरू होते: “काच का तुमी रंगवता, भाऊ?” “काच तं रंगवाची नाई, पन तिच्या चारी बाजूनं हात सांभाळा लागते ना!” दोघेही आपापल्या जागी खरे असतात. मालकाला वाटते की न केलेल्या कामाचे पैसे मागितले जात आहेत. रंगाऱ्याला माहीत असते की जे काम खरोखर केले त्याचे नाव घ्यायला हिशेबात शब्दच नाही, म्हणून तो न केलेल्या कामाच्या नावाने मागतो आहे. शेवटी तोडपाणी होते, काचांचे निम्मे क्षेत्रफळ धरले जाते किंवा काहीच धरले जात नाही. दर ठरतो, पण मनात दोघांच्याही किल्मिष राहते. आणि ज्याला दर कमी पडला तो कुठे हात आखडता घेईल? अर्थात कडेला. टेप लागत नाही, चौकटीवर रंगाचे ओघळ राहतात, काचेच्या कोपऱ्यात शिंतोडे वाळतात. मग मालक म्हणतो, आजकाल कारागीरच राहिले नाहीत. कारागिरी गेली नाही. तिला हिशेबात जागा उरली नाही.

वऱ्हाडच्या हवेत आणि मातीत तर कडेची ही उपेक्षा फार लवकर वसूल होते. पहिली गोष्ट उन्हाची. रंग देताना एक पट्टा वाळायच्या आत त्याच्या ओल्या कडेवर दुसरा पट्टा चढवावा लागतो. कड वाळली की सांध्याची रेघ कायमची दिसते. मार्च-एप्रिलच्या दुपारी काचबंद वऱ्हांड्यात ही ओली कड किती वेळ टिकणार? ज्या जागेत थांबण्याच्या रेषा सर्वांत जास्त, तिथेच रंग सर्वांत लवकर वाळतो. म्हणून जाणता रंगारी असल्या जागेचे काम सकाळी उरकतो आणि दुपारी आतल्या खोलीत जातो. रोजंदारीत हे जमते, ठेक्यात जमेलच असे नाही. दुसरी गोष्ट प्रकाशाची. काचेतून येणारे तिरपे ऊन भिंतीवर आडवे सरकते आणि लांबीचा प्रत्येक उंचवटा, पत्र्याचा प्रत्येक ओरखडा सावलीसकट दाखवते. आतल्या खोलीत खपून जाणारी भिंत इथे खपत नाही. तिला घासकाम जास्त लागते, आणि घासकामही चौरस फुटातच मोजले जाते.

तिसरी गोष्ट मातीची. जुन्या मराठीत गावाच्या वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि शेताची ती ‘काळी’. घर पांढरीत बांधायचे, कापूस काळीत पेरायचा, ही जुनी वाटणी केवळ रंगांची नव्हती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते हे अनुभवाचे ज्ञान तिच्यामागे होते. शहरे वाढली, काळीवर लेआउट पडले, प्लॉट विकले गेले. त्यांवरच्या घरांना मागाहून जोडलेला वऱ्हांडा बहुधा उथळ पायावर उभा असतो. मूळ घर एका चालीने खालीवर होते, वऱ्हांडा दुसऱ्या. त्यामुळे जिथे दोघांची भेट होते त्या उभ्या सांध्यावर दर उन्हाळ्यात चीर उघडते. दरवर्षी ती लांबीने बुजवली जाते, वर रंगाचे दोन हात दिले जातात, आणि पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा हजर होते. तिथे कडक लांबीऐवजी ताण सहन करणारा लवचीक भराव हवा, किंवा तो सांधा लपवण्याऐवजी सरळ पट्टी मारून दाखवावा, हे साधे उत्तर आहे. पण चीर ही रेषा आहे. तिचे क्षेत्रफळ शून्य. अंदाजपत्रकात शून्याच्या पुढे काय लिहिणार?

चौथी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जातो. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट या भागांतल्या लोकांना त्याची ओळख करून द्यायला नको. भूजलच खारे, आणि बांधकामाला तेच वापरले तर भिंतीत मीठ जाते. पुढे ओल चढली की ते मीठ पृष्ठभागावर येऊन पांढरे फुलते. यालाच लोणा म्हणतात. लोणा भिंतीच्या मध्यावर क्वचित दिसतो; फरशीलगत, कठड्याच्या माथ्यावर, काचेच्या चौकटीखाली, अशा कडांवरच तो आधी धरतो, कारण ओल तिथून शिरते. त्याच्यावर कितीही महागाचा प्लास्टिक पेंट फासला तरी तो पापुद्र्यासारखा सुटतो. आधी ओलीची वाट बंद करायची, मीठ कोरडेच खरवडून काढायचे, भिंत पुरती सुकू द्यायची आणि मगच हात लावायचा. हे वाट पाहण्याचे दिवसही कोणत्या रकान्यात लिहायचे, हा प्रश्न उरतोच.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. पूर्वीही कडेचे काम हिशेबाबाहेरच होते. फक्त ते बिनपैशाचे होते म्हणून वाद होत नसे. मातीच्या घरांत दिवाळीआधी भिंती पोतारल्या जात, जमीन सारवली जाई, आणि सगळे झाल्यावर भिंतीच्या पायथ्याला गेरूचा पट्टा ओढला जाई, उंबऱ्याला आणि चौकटीला कड दिली जाई. त्या पट्ट्याशिवाय घर ‘झाले’ असे कोणी म्हणत नसे. पट्ट्याला शोभेइतकाच उपयोगही होता: सारवणाचे आणि पावसाचे शिंतोडे त्यात जिरत, पांढरी भिंत स्वच्छ दिसे. चुन्यात नीळ आणि डिंक किती, गेरू कितपत पातळ, पट्टा किती बोटांचा, हे सगळे अंदाज घरातल्या बायांच्या हाताला ठाऊक असत. ते अंदाज उर्दूतल्या अर्थाचेही होते आणि मराठीतल्या अर्थाचेही. पण कोणत्याही कुळकर्ण्याच्या दप्तरात त्यांची नोंद नाही. पुढे चुना गेला, डिस्टेंपर आले, ते जाऊन प्लास्टिक पेंट आला. काम घराबाहेरच्या माणसाकडे गेले, त्याला दर मिळाला. दर मिळाला तो भिंतीच्या मध्याला. कड मात्र जुन्या सवयीने फुकटच राहिली. घरातल्या बाईच्या न मोजलेल्या कष्टाचा वारसा रंगाऱ्याकडे असा चालत आला आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला यात काय, असे कोणी विचारील. आम्हाला वाटते, पुष्कळ. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली; वऱ्हाडच्या मातीतली ही कादंबरी आपण वर्षानुवर्षे शिकवतो. तिच्यातल्या कौतिकचे कष्ट सांगताना आपण ‘दारिद्र्य’, ‘संघर्ष’, ‘चिवटपणा’ असे मोठे पृष्ठभाग रंगवून मोकळे होतो. तिचे मोठेपण मात्र कडांवर आहे. निवेदन संपून वऱ्हाडी संवाद सुरू होतो त्या सांध्यावर, एखाद्या बाईने बोलता बोलता जिथे थांबायचे ठरवले त्या जागी. बोलीचे शब्द किती आले हे मोजणे सोपे आहे. प्रबंधांतून ते मोजलेही जातात. बोली कुठे येते आणि कुठे थांबते, हे पाहायला डोळे लागतात आणि वेळ लागतो. हे वाचनातले कटिंग आहे.

आणि आपले स्वतःचे मूल्यमापन? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या कामाला गुण लावण्याची पद्धत आणली. शोधनिबंध किती, चर्चासत्रे किती, पुस्तके किती, यांची बेरीज. पुढे २०१८ च्या नियमावलीत ती पद्धत बदलली, तरी बेरजेची सवय गेली नाही. ज्या प्राध्यापकाने एखाद्या खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याचा निबंध चारदा वाचून त्यातला एक परिच्छेद त्याच्याकडून नीट लिहून घेतला, त्याच्या या कामाचे क्षेत्रफळ किती? आपल्याला हा अन्याय लगेच समजतो, कारण तो आपल्यावर होतो. तोच अन्याय आपल्याच घराच्या वऱ्हांड्यात, शिडीवर उभ्या असलेल्या माणसाशी चौरस फुटाची घासाघीस करताना आपण करत असतो, तेव्हा तो व्यवहार वाटतो.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, बाजाराला सगळे कळते. रंगारी जागा पाहूनच दर सांगतो, काचेची खोली दिसली की चार पैसे चढवूनच बोलतो, मग वेगळी मोजणी कशाला? अनुभवी ठेकेदार असे करतोही. पण चढवलेला दर ठेकेदाराच्या खिशात जातो. प्रत्यक्ष ब्रश धरणाऱ्याला तो रोजीच देतो, आणि दिवसाला अमुक इतके चौरस फूट झालेच पाहिजेत असा तगादा लावतो. ज्या गोष्टीचे नाव हिशेबात लिहिलेले नाही, तिच्यासाठी वेळ मागायचा कसा? नाव असले की मागता येते. दुसरा आक्षेप असा की यामुळे काम महाग होईल. थोडे होईल, खरे. पण कडेचे काम नीट झाले तर वऱ्हांडा लवकर पुन्हा काढावा लागत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे रंग बिघडायला सुरुवात तिथूनच होते.

उपाय नवा शोधायचा नाही. कठड्याची पट्टी, पाइप, ग्रिलची किनार यांना ‘रनिंग फूट’ हे माप बांधकामाच्या धंद्यात चालतेच. अंदाजपत्रकात दोन ओळी असाव्यात: भिंत इतके चौरस फूट, या दराने, कड इतके रनिंग फूट, त्या दराने. काचा खुशाल वजा कराव्यात, मालकाचे समाधान होईल. पण काचेची चौकट टेपने मोजून दुसऱ्या ओळीत मांडावी, रंगाऱ्याचे समाधान होईल. मानकातल्या तिसऱ्या नियमाचा भावार्थ हाच आहे: मोठी पोकळी वजा करा आणि तिच्या कडा मिळवा. सांध्याची चीर आणि लोण्याची वाट यांसाठी तिसरी ओळ असावी, दिवसांची. ज्या घरात साहित्य शिकवले जाते त्या घरापासून ही सुरुवात व्हायला हरकत नसावी. विद्यार्थ्यांना उपयोजित मराठीच्या तासाला जाहिरात, वृत्तलेखन, इतिवृत्त शिकवतो. त्यात एखादे अंदाजपत्रकही लिहून घ्यावे. विद्यार्थ्याने वऱ्हांडा मोजावा, क्षेत्रफळ काढावे, कड काढावी, आणि दोन्ही आकडे एकमेकांशेजारी लिहावेत. भाषेत काय मावते आणि काय निसटते याचा असा धडा क्रमिक पुस्तकात मिळायचा नाही.

हरितगृहांत उन्हाळ्यात काचेवर बाहेरून चुन्याचा पातळ हात देण्याची रीत जुनी आहे. रोपांना ऊन सोसवेनासे होते तेव्हा काचेची काही काळ भिंत करतात आणि पावसाळ्यात तो चुना आपोआप धुऊन जातो. वऱ्हाडातल्या काचबंद वऱ्हांड्यालाही ती मानवेल. तसे झाले तर जी १६२ चौरस फूट काच आपण हिशेबातून वजा केली होती, तिचाच एप्रिलमध्ये पृष्ठभाग होईल. वजावट कायमची नसते. ऋतू बदलला, गरज बदलली की वगळलेले पुन्हा मोजावे लागते. मराठीत एखाद्याच्या बाजूने उभे राहण्याला ‘कड घेणे’ म्हणतात. भिंत कोणाची हे सातबाऱ्यावर आणि मालमत्ता-पत्रकावर लिहिलेले असते. कड घ्यायची की नाही, एवढे आपल्या हातात आहे.